शूबर्टच्या ई फ्लॅट ट्रिओची शेवटची मूव्हमेंट: कापलेली की पूर्ण? एका त्रिकुटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम शहरातलं हे त्रिकूट. पियानोवादिका संगीतशाळेत शिकवते, व्हायोलिनवादक हौशी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसतो आणि चेलोवादक पूर्णवेळ नोकरी सांभाळून वाजवतो. ओळख पटेल असा बाकीचा तपशील वगळला आहे. चार वर्षांत हायडनचे काही ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठीच्या रचना) त्यांच्या हातात चांगले बसले होते. पुढचं पाऊल म्हणून त्यांनी फ्रान्झ शूबर्टचा ई फ्लॅट मेजरमधला पियानो ट्रिओ, डी. 929 (शूबर्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), निवडला.

हायडनवरून थेट इथे येणं म्हणजे टेकडीवरून उतरून डोंगर चढायला घेणं. हायडनच्या बहुतेक ट्रिओंमध्ये चेलो पियानोच्या डाव्या हाताला साथ करतो, आणि तो क्षणभर अडखळला तरी डोलारा उभा राहतो. शूबर्टकडे तिघांवर सारखं ओझं आहे. चार मूव्हमेंट्स, म्हणजे रचनेचे वेगवेगळे भाग, एकूण पाऊण तासाहून जास्त वेळ. दुसऱ्या मूव्हमेंटची सी मायनरमधली (मायनर म्हणजे उदास, मेजर म्हणजे उजळ वळणाची स्वरपट्टी) मुख्य धून आधी चेलोलाच मिळते. पियानोचे कॉर्ड्स (एकत्र दाबलेले स्वर) पावलं टाकत चालल्यासारखे येतात आणि त्यांच्यावर ही धून उभी राहते. तिचं मूळ शूबर्टने व्हिएन्नात ऐकलेल्या एका स्वीडिश गाण्यात आहे. तीच धून शेवटच्या मूव्हमेंटमध्ये पुन्हा डोकावते, आधी बी मायनरमध्ये आणि अगदी शेवटाकडे ई फ्लॅट मायनरमध्ये. तिथून संगीत मेजरकडे वळतं आणि संपतं. म्हणजे शेवटच्या मूव्हमेंटमधून काय काढायचं हा प्रश्न दुसऱ्या मूव्हमेंटलाही लागून येतो.

काढण्याचा प्रश्न खुद्द शूबर्टपासूनचा आहे. त्याने हा ट्रिओ नोव्हेंबर 1827 मध्ये लिहायला घेतला. 26 मार्च 1828 रोजी, बेथोव्हेनच्या पहिल्या स्मृतिदिनी, त्याने व्हिएन्नात फक्त स्वतःच्या रचनांची मैफल केली. तशी जाहीर मैफल त्याच्या आयुष्यात ती एकच. तीत हा ट्रिओ वाजला. पियानोवर बोक्लेट, व्हायोलिनवर ब्योम आणि चेलोवर लिंके होते. नंतर लाइपझिगच्या प्रोब्स्ट या प्रकाशकाला देताना त्याने शेवटच्या मूव्हमेंटमधले दोन तुकडे, मिळून शंभरच्या आसपास बार (तालाचे छोटे समान खाने), काढून टाकले आणि तिच्या पहिल्या भागाची पुनरावृत्तीही रद्द केली. 10 मे 1828 च्या पत्रात तो प्रोब्स्टला बजावतो की शेवटच्या मूव्हमेंटमधल्या दाखवलेल्या कापण्या काटेकोरपणे पाळल्या जाव्यात. ट्रिओ कधी निघणार असं तो 2 ऑक्टोबरला पुन्हा विचारतो. 19 नोव्हेंबरला तो गेला. पुढे जवळपास दीड शतक सगळे छापील, कापलेलं रूपच वाजवत आले. न कापलेलं रूप 20व्या शतकाच्या उत्तरार्धात छापून सहज मिळू लागलं, आणि तेव्हापासून या ट्रिओला हात घालणाऱ्या प्रत्येक त्रिकुटाला एकदा तरी हा वाद घालावा लागतो.

कार्यक्रमाची चौकट

सभागृह शाळेचं, नव्वद खुर्च्यांचं. पियानो 2 मीटरहून थोडा लांब ग्रँड, वयाने जुना पण सांभाळलेला. कार्यक्रम सत्तर मिनिटांचा, मध्यंतर नाही, आणि ठरल्या वेळी दार बंद, यात सवलत नाही. आधी हायडनचा जी मेजर ट्रिओ (त्याच्या रचनांच्या होबोकेन सूचीत 15:25), साधारण पंधरा मिनिटं. येणं-जाणं, सूर जुळवणं आणि टाळ्यांची पाच मिनिटं वजा केली की शूबर्टला पन्नास मिनिटं उरत होती.

सरावासाठी बारा आठवडे होते, आठवड्याला एक बैठक, अडीच तासांची. म्हणजे तीस तास. त्यातले सहा हायडनला.

अडचण

पहिले चार आठवडे त्रिकुटाचा समज असा होता की आपल्यापुढे एकच प्रश्न आहे: कापलेलं रूप की पूर्ण? व्हायोलिनवादक पूर्ण रूपाच्या बाजूचा होता. त्याचं म्हणणं, कापलेल्या भागात शूबर्टने दुसऱ्या मूव्हमेंटची धून शेवटच्या मूव्हमेंटच्या विषयाशी, म्हणजे तिच्या स्वतःच्या धूनीशी, एकाच वेळी गुंफली आहे. सगळ्या रचनेत इतकी घट्ट वीण दुसरीकडे नाही, आणि आपण नेमकी तीच उसवतो. पियानोवादिकेचं उत्तर सरळ होतं: शूबर्टने स्वतः लिहून दिलं आहे, आपण कोण? चेलोवादकाला स्वतःच्या धूनीचं आणखी एक येणं हवंहवंसं होतं, पण वेळेची भीती वाटत होती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद कितीही लांबवता येतो. प्रत्यक्षात अडत होतं दुसरीकडेच, तीन ठिकाणी.

पहिली अडचण प्रतींची. पियानोवादिका आणि व्हायोलिनवादक यांच्याकडे पूर्ण रूपाची आधुनिक प्रत होती. चेलोवादकाने इंटरनेटवरून 19व्या शतकातल्या छापील प्रतीचं स्कॅन काढलं होतं. त्यात कापलेलंच रूप, आणि बारचे आकडे नाहीत, फक्त अक्षरखुणा. त्याने पेन्सिलीने स्वतः आकडे घातले. पहिल्या कापणीपर्यंत ते जुळत, तिथून पुढे पन्नासच्या आसपास फरक पडे, दुसऱ्या कापणीनंतर शंभरच्या जवळ. "सहाशेपासून घेऊ" म्हटलं की दोघे एकीकडे आणि तिसरा दुसरीकडे. प्रत्येक बैठकीत पंधरा-वीस मिनिटं फक्त जागा शोधण्यात जात. शिवाय काही ठिकाणी जुन्या प्रतीतल्या स्लर (स्वर जोडून वाजवायच्या कमानी) आणि जोराच्या खुणा नव्या प्रतीशी जुळत नव्हत्या, त्यामुळे व्हायोलिन आणि चेलो एकाच वाक्यांशात वेगळ्या दिशेने बो ओढत. दोघांचे कान चांगले होते, पण डोळे वेगळ्या कागदावर होते.

दुसरी अडचण लयीची, आणि या प्रकरणाचं मूळ तीच. शेवटची मूव्हमेंट 6/8 मध्ये सुरू होते: बारात दोन ठोके, प्रत्येक ठोक्यात तीन क्वेव्हर (ठोक्याच्या आतले छोटे स्वर). थोड्या वेळाने आल्ला ब्रेव्हे येतं: बारात दोनच ठोके, पण प्रत्येक ठोक्यात चार क्वेव्हर. इथे एकच स्वर पुन्हा पुन्हा टोचत जाणारा विषय सुरू होतो, जो तारवाद्यं आणि पियानो दोघांनाही वाजवावा लागतो. शूबर्टचा सांगावा असा की ठोका बदलायचा नाही. 10 मेच्या त्याच पत्रात तो शेवटच्या मूव्हमेंटमध्ये ताल बदलतात तिथे गती एकसारखी राहावी असं सांगतो. तबल्याशी ओळख असलेल्याला हे एका वाक्यात कळेल: मात्रा तीच, तिस्रवरून चतुश्र. म्हणजे ठोका न हलवता आतल्या स्वरांची घनता वाढते.

इथे बहुतेक त्रिकुटं ठोका सोडतात, आणि यांनीही सोडला. कारण बोटांत आहे. ठोका मिनिटाला 96 असेल तर आल्ला ब्रेव्हेमध्ये क्वेव्हर मिनिटाला 384, म्हणजे सेकंदाला 6.4. तेवढ्या वेगाने एकच कळ, तीही अगदी हळू आवाजात, वाजवायची. हात आपोआप मागे ओढतो. मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने ठोके देणारं यंत्र) लावून तपासलं तेव्हा हे त्रिकूट 6/8 मध्ये 84 वर होतं आणि आल्ला ब्रेव्हेमध्ये 72 वर घसरत होतं. परत 6/8 आलं की 84 वर यायला चार-पाच बार लागत. ऐकणाऱ्याला वाटे की दर दीड-दोन मिनिटांनी कोणीतरी ब्रेक दाबतंय.

तिसरी अडचण समतोलाची. पहिल्या मूव्हमेंटमध्ये आणि शेवटच्या मूव्हमेंटच्या भरगच्च जागांमध्ये चेलोच्या खालच्या दोन तारा ऐकूच येत नव्हत्या. शूबर्टच्या वेळचा व्हिएन्नी पियानो लाकडी चौकटीचा, सरळ तारांचा, चामडं लावलेल्या हातोड्यांचा. खालचा स्वर चटकन उमटून चटकन विरतो. आजचा ग्रँड लोखंडी चौकटीचा, तिरप्या ओलांडलेल्या तारांचा, फेल्टच्या हातोड्यांचा. तोच डाव्या हाताचा ऑक्टेव्ह (सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकत्र) इथे चेलोच्या अंगावर चादर टाकतो. लिहिलेले स्वर तेच असले तरी वजन दुपटीने वाढलेलं असतं.

पाचव्या आठवड्याची मोजणी

पाचव्या बैठकीत प्रथमच चारही मूव्हमेंट्स न थांबता वाजवून वेळ मोजली. फोन आठव्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवून ध्वनिमुद्रणही केलं. ही मोजणी पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी होती, याबद्दल दुमत असू नये.

पहिली मूव्हमेंट पुनरावृत्तीसह सोळा मिनिटं, तिच्याशिवाय बारा. दुसरी साडेनऊ. तिसरी, तिच्या सगळ्या पुनरावृत्त्यांसह, सात. या तीन आकड्यांत धक्का नव्हता. शेवटची मूव्हमेंट कापलेल्या रूपातच एकोणीस मिनिटांच्या जवळ गेली.

साडेसातशेच्या आसपास बार, बारात दोन ठोके, म्हणजे सुमारे दीड हजार ठोके. 100 च्या गतीने ते पंधरा मिनिटांत संपतात, 84 ने अठराच्या जवळ. आल्ला ब्रेव्हेतली घसरण धरली की एकोणीस. उलट, पूर्ण रूपाचे साडेआठशेच्या आसपास बार 100 च्या गतीने सतरा मिनिटांत बसतात. म्हणजे हे त्रिकूट ज्या गतीने वाजवत होतं त्या गतीने कापलेलं रूप नीट गतीतल्या पूर्ण रूपापेक्षा दोन मिनिटं लांब होतं! चार आठवडे ज्या शंभर बारांवर वाद झाला त्यांची किंमत दोन मिनिटं होती, आणि सैल ठोका चार मिनिटं खात होता. त्याच्यावर मात्र कोणी चर्चा केली नव्हती.

पर्याय

मोजणीनंतर चार पर्याय कागदावर आले. हिशेबात ठोका 100 धरला होता आणि मूव्हमेंट्समधल्या थांब्यांसाठी एक मिनिट.

सगळं पूर्ण, म्हणजे पहिल्या मूव्हमेंटची पुनरावृत्ती, न कापलेली शेवटची मूव्हमेंट आणि तिचीही मूळ पुनरावृत्ती: पंचावन्न मिनिटं. हायडन काढल्याशिवाय अशक्य. हायडन काढावा का, हे विचारलं गेलं आणि लगेच सोडून दिलं गेलं, ते बरं झालं. थंड हातांनी थेट शूबर्टच्या पहिल्या पानावर उतरणं हौशी त्रिकुटाला परवडत नाही.

पहिल्या मूव्हमेंटची पुनरावृत्ती आणि न कापलेली शेवटची मूव्हमेंट, तिची पुनरावृत्ती सोडून: साडेपन्नास. चौकटीबाहेर अर्धा मिनिट. कागदावर हे जमेल असं वाटतं. प्रत्यक्ष मैफलीत टाळ्या, सूर जुळवणं आणि दुसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटची शांतता मिळून अर्ध्याचे दोन मिनिटं होतात.

पहिल्या मूव्हमेंटची पुनरावृत्ती गाळून न कापलेली शेवटची मूव्हमेंट: साडेशेचाळीस. वेळेत निवांत बसतं. किंमत अशी की पहिल्या मूव्हमेंटचा पहिला भाग श्रोत्याच्या कानावर एकदाच पडतो, आणि त्याच्यापुढच्या विकासाच्या भागात शूबर्ट लांबच लांब फिरतो तेव्हा आपण कुठून निघालो हे श्रोता विसरलेला असतो.

पुनरावृत्तीसह पहिली मूव्हमेंट आणि कापलेलं छापील रूप: साडेअठ्ठेचाळीस. पन्नासच्या आत, पण जेमतेम, आणि फक्त ठोका 100 वर राहिला तरच.

पाचवा पर्याय कुणी उच्चारला नाही: कापलेलं रूप, पण दोनपैकी एकच तुकडा परत घालायचा. काही वादक असं करतात. इथे तो निघाला नाही हेच योग्य. त्यातून ना शूबर्टचं पहिलं रूप मिळतं ना त्याने छापायला दिलेलं.

निर्णय

सहाव्या आठवड्यात चौथा पर्याय ठरला. कारण ऐतिहासिक नव्हतं. चेलोवादकाने मुद्दा मांडला की उरलेल्या सात बैठकींत ठोका सावरायचा आहे, आणि ठोका सावरायला ओळखीचे बार हवेत. शंभर नवे बार घेतले तर सराव त्यांच्यातच जाईल. व्हायोलिनवादकाने मान्य केलं, पण एका अटीवर: पुढच्या कार्यक्रमात पूर्ण रूप घ्यायचं आणि त्याची तारीख आत्ताच ठरवायची. तशी तारीख धरली गेली, तीन महिन्यांनंतरची.

आमच्या मते निर्णय बरोबर होता आणि त्यामागचं कारण त्याहून बरोबर. "शूबर्टला काय हवं होतं" हा प्रश्न बैठकीत सुटत नाही. "आपल्याला सात बैठकींत काय जमेल" हा सुटतो.

काय केलं: प्रती

चेलोवादकाने नव्या प्रतीचा भाग विकत घेतला. तिघांनी एकाच बैठकीत कापणीच्या दोन्ही जागी रंगीत पट्ट्या चिकटवल्या: "इथून" आणि "इथे". पूर्ण रूपाचेच बार-आकडे सगळ्यांनी वापरायचे असं ठरलं. त्यामुळे पुढच्या कार्यक्रमासाठी काहीच खोडावं लागणार नव्हतं. पट्ट्या काढल्या की झालं.

पानं उलटण्याचा प्रश्न फक्त पियानोचा, कारण पियानोवादिकेसमोर तिन्ही वाद्यांचा पूर्ण मजकूर असतो आणि शेवटच्या मूव्हमेंटमध्ये पानं भराभर येतात. तिने टॅबलेट आणि पायाचं पेडल वापरून पाहिलं. अडचण आली ती पहिल्या मूव्हमेंटच्या पुनरावृत्तीत, जिथे एका झटक्यात बरीच पानं मागे जायचं असतं. पेडलला एका वेळी एकच पान कळतं. उपाय: पुनरावृत्तीचा मजकूर फाइलमध्ये दुसऱ्यांदा घातला, म्हणजे मागे जायची गरजच संपली. कापणीच्या पानांनाही तेच. वगळलेली पानं फाइलमधून काढली, मूळ फाइल वेगळी ठेवली.

काय केलं: ठोका

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खाणारा होता आणि इथेच सगळ्यात जास्त फळलं.

आधी वाद्यांशिवाय. मेट्रोनोम 92 वर, बारात दोन ठोके. तिघांनी टाळ्या न वाजवता फक्त तोंडाने तीन-तीन अक्षरं म्हणायची आठ ठोके, मग न थांबता चार-चार अक्षरं आठ ठोके, मग परत. आपल्याकडे हेच "तकिट तकिट" वरून "तकधिमि तकधिमि" वर जाऊन करतात. पहिल्या दिवशी तिघेही तीनवरून चारवर जाताना मागे पडले. चारवरून तीनवर येताना मात्र पुढे पळाले. याचा अर्थ बोटं हे कारण अर्धंच होतं, घसरण कानातही बसली होती.

मग फक्त सांध्यांचा सराव: बदलाच्या आधीचे चार बार आणि नंतरचे चार. प्रत्येक बैठकीत प्रत्येक सांधा पाच वेळा, त्यातले पहिले तीन मेट्रोनोमसह. आठव्या आठवड्यात मेट्रोनोम अर्ध्यावर आणला, म्हणजे बारात एकच टिक. आत काय होतं ते वादकांनी सांभाळायचं. नवव्या आठवड्यात ठोका 96. दहाव्यात 100, पण फक्त सांध्यांसाठी. सलग वाजवताना 96 च.

पियानोच्या बोटांसाठी दोन गोष्टी. एकाच बोटाने स्वर पुन्हा पुन्हा मारण्याऐवजी 4-3-2-1 असा बोटांचा फेर. आणि कळ पूर्ण वर येऊ न देता अर्ध्या उंचीवरून पुन्हा दाबणं. आजच्या ग्रँडमध्ये हे शक्य होतं ते दुहेरी सुटकेच्या यंत्रणेमुळे, जिचं पेटंट पियानो बनवणाऱ्या एरारने 1821 मध्ये घेतलं. पण ती यंत्रणा ठीक जुळवलेली असेल तरच. सभागृहाच्या पियानोवर मधल्या सप्तकातल्या काही कळा वेगाने वाजवल्यावर मुक्या राहत होत्या. पियानोवादिकेला आठवडाभर वाटत राहिलं की आपली बोटं कमी पडतात. शेवटी तंत्रज्ञाला बोलावलं. कळ लगेच पुन्हा वाजू देणाऱ्या स्प्रिंग सैल झाल्या होत्या. दीड तासात काम झालं आणि मुक्या कळा बोलू लागल्या. मुकी कळ नेहमी एकाच जागी येत असेल तर आधी पियानो तपासावा, मग बोटं.

काय केलं: समतोल

पहिला मोह झाकण बंद करण्याचा. करून पाहिलं. आवाज थोडा कमी झाला, स्पष्टता खूप कमी झाली, आणि स्वतःला ऐकू येईना म्हणून पियानोवादिका जास्त जोर लावू लागली. झाकण आखूड काठीवर ठेवलं.

चेलोखाली लाकडी पोकळ चौथरा ठेवला, सुमारे मीटर-सव्वा मीटरचा, पंधरा सेंटीमीटर उंच. चेलोची खालची टोकदार दांडी थेट त्यात रोवली की फळी स्वतः थरथरते आणि खालच्या स्वरांना अंग येतं. खुर्ची थोडी फिरवून चेलोची तोंडं, म्हणजे पुढची एफ-आकाराची छिद्रं, श्रोत्यांकडे केली. डाव्या हातासाठी नियम: चेलो सी किंवा जी तारेवर असेल तेव्हा लिहिलेल्या जोरापेक्षा एक पायरी खाली, आणि पियानोचं पेडल प्रत्येक हार्मनी-बदलाला (एकत्र वाजणारे स्वर बदलतात तिथे) उचलायचं. ध्वनिमुद्रणात सगळ्यात मोठा फरक या शेवटच्या गोष्टीने पडला. दाट आवाजाचं मूळ जोरात नव्हतं, न उचललेल्या पायात होतं.

सूर जुळवण्याची एक बारीक गोष्ट. तारवाद्यं आपल्या तारा शुद्ध पंचमाने लावतात; पियानोचा पंचम त्याहून दोन सेंटने अरुंद, सेंट म्हणजे सेमीटोनचा, लगतच्या दोन कळांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग. पियानोचा ए घेऊन चेलोने खाली तीन शुद्ध पंचम लावले की सी तार पियानोच्या सी पेक्षा सहा सेंट खाली जाते. व्हायोलिनची जी चार सेंट खाली. एरवी चालून जातं. दुसरी मूव्हमेंट सी मायनरची, आणि तिच्यात मोकळी सी आणि पियानोचा सी एकत्र पडले की ढवळलेलं ऐकू येतं. उपाय म्हणून चेलोने सी आणि व्हायोलिनने जी थेट पियानोवरून घेतले, मधले पंचम किंचित अरुंद केले.

तिसऱ्या मूव्हमेंटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पियानो पुढे आणि तारवाद्यं एका बारने मागे असा तिचा कॅनन आहे, आणि शूबर्टच्याच सांगण्याप्रमाणे तो माफक गतीने, आवाज लहान ठेवून वाजवला की जमतो. मधला भाग, ज्यालाही ट्रिओच म्हणतात, तो मात्र त्याला ठसक्यात हवा आहे, जिथे हळू लिहिलं नाही तिथे.

काय झालं

शूबर्टला एकावन्न मिनिटं लागली. चौकटीपेक्षा एक जास्त. हायडन लवकर संपला म्हणून निभावलं. शेवटची मूव्हमेंट सव्वापंधरा मिनिटांत झाली, म्हणजे ठोका सरासरी 98 च्या आसपास राहिला. पहिल्या आल्ला ब्रेव्हेच्या सांध्यावर तो 92 पर्यंत गेला, दोन बारांत सावरला. जादा वेळातला एक मिनिट गेला तो दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये, जी सरावात साडेनऊची होती आणि मैफलीत साडेदहाची झाली. तिचा हिशेब कुणी केलाच नव्हता. सगळं लक्ष शेवटच्या मूव्हमेंटवर होतं.

समतोलाचा परिणाम सगळ्यात जास्त ऐकू आला तो शेवटाकडे, ई फ्लॅट मायनरमध्ये चेलोची धून परत येते तिथे. ध्वनिमुद्रणात ती प्रत्येक स्वरानिशी स्पष्ट आहे.

तीन महिन्यांनंतरचा कार्यक्रम एका चर्चमध्ये झाला. न कापलेली शेवटची मूव्हमेंट, पहिल्या मूव्हमेंटची पुनरावृत्ती गाळून. पट्ट्या काढल्या, नवे शंभर बार बसवायला चार बैठका लागल्या. पण उंच दगडी छताखाली आवाज दोन सेकंदांहून जास्त घुमत राहिला आणि 100 च्या गतीतले पुनरावृत्त स्वर एकमेकांत मिसळून गेले. रंगीत तालमीत ठोका 92 वर आणावा लागला. मूव्हमेंट साडेअठरा मिनिटांची झाली. धून आणि विषय एकत्र गुंफलेली जागा सगळ्यांना ऐकू आली का, याबद्दल व्हायोलिनवादकालाच शंका होती.

वेगळं काय करता आलं असतं

वेळ पहिल्या आठवड्यात मोजायला हवी होती, हे वर आलंच. पहिल्या आठवड्यात कोणालाच सगळं वाजवता येत नाही, ही सबब खरी नाही. बार मोजून ठोक्याने भागायला वाद्य लागत नाही. कागद-पेन्सिल पुरते.

प्रती एकच असाव्यात, हा खर्च टाळण्याची जागा नव्हे. नव्या प्रतीच्या किमतीपेक्षा चार आठवड्यांत वाया गेलेला तास-सव्वा तास महाग पडला.

दुसऱ्या मूव्हमेंटचा वेळ मैफलीत वाढणार हे गृहीत धरायला हवं होतं. संथ मूव्हमेंट श्रोत्यांसमोर जवळजवळ नेहमी लांबते, कारण शांतता मिळाल्यावर वादक तिच्यात रेंगाळतो आणि ते रेंगाळणं चुकीचं नाही. हिशेबात तिच्यासाठी एक मिनिट जादा ठेवलं असतं तर चौथा पर्यायही साडेएकोणपन्नासवर गेला असता, आणि कदाचित पहिल्या मूव्हमेंटची पुनरावृत्ती गाळायचं ठरलं असतं. तसं झालं असतं तर तिसरा पर्याय, न कापलेलं रूप, पहिल्याच कार्यक्रमात परत चर्चेत आला असता. चेलोवादकाचं सात बैठकींचं कारण तरीही उभं राहतंच.

चर्चमध्ये पूर्ण रूप आणि शाळेच्या कोरड्या सभागृहात कापलेलं रूप, ही अदलाबदल उलटी व्हायला हवी होती, असं मागे वळून म्हणता येतं. पूर्ण रूपातली गुंफण ऐकू यायला कोरडा आवाज लागतो. पण चर्चची तारीख सहाव्या आठवड्यात धरली तेव्हा तिथे जाऊन एकदा टाळी वाजवून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता तिघांच्याही प्रतींच्या पहिल्या पानावर, पट्ट्यांचा जुना चिकटपणा राहिला आहे तिथेच, पेन्सिलीने एक रकाना आखलेला आहे: जागा, घुमण्याचे सेकंद, ठोका.